भोपळ्यावरची भुरी

शाळेचा शिपाई आज पुन्हा येऊन गेला. दुर्बीण न्यायला. "बाई, हेडमास्तर रोज इचारून राहिले," म्हणाला. मी त्याला गूळपाणी दिलं आणि उद्या सकाळी ये म्हणून वाटेला लावलं. तुमची छत्री, वहाणा, अंथरूण-पांघरूण सगळं तेराव्याला रीतीप्रमाणे देऊन झालं. पण ही पितळेची सूक्ष्म दुर्बीण शाळेची. ती दान करता येत नाही आणि ठेवूनही घेता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीपुरती म्हणून तुम्ही ती घरी आणलीत. सुट्टी संपली, तुम्ही आजारी पडलात, गेलात, आणि आता जाब द्यायचा मी. तुमच्या वागण्यात अजून काही फरक पडलेला दिसत नाही.

शाळेनं तुमच्याबद्दल चार शब्द लिहून मागितले आहेत. तुम्ही हैदराबादला किती शिकलात, हिंगोलीच्या शाळेत उर्दूतून वनस्पतिशास्त्र शिकवायला कधी लागलात, कोणत्या साहेबानं तुमची पाठ थोपटली, हे सारं त्यांच्याकडे आहेच. ते त्यांनी खुशाल लिहावं. मी ते लिहिणार नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून उठून जायची तुमची जुनी सवय, पण या वेळी तुम्ही फारच लांब गेलात.

भांडण तेच, भोपळ्यावरच्या भुरीचं.

भुरी कुणाला माहीत नाही? पावसाळा सरला, रात्री गार पडायला लागल्या, की भोपळ्याच्या, काकडीच्या, बोरीच्या पानावर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर धरतो, ती. बाकीच्या घरात लोक त्यावर राख टाकतात, आंबट ताक शिंपडतात, जमलं तर गंधक मारतात आणि विषय संपतो. आपल्या घरात विषय तिथून सुरू व्हायचा. मी परसात न्हाणीच्या कडेला भोपळ्याचा वेल लावला होता. न्हाणीचं पाणी आयतं मिळायचं, वेल छपरावर चढायचा. पहिल्या वर्षी पानं पांढरी पडली, तेव्हा मी शेजारच्या अमीनाबीकडून गंधक आणलं. त्यांच्या घरचं दुकान, हिंगापासून हिरड्यापर्यंत सगळं मिळायचं. गंधकाची पुरचुंडी फडक्यात बांधून मी वेलापाशी उभी राहिले आणि तुम्ही शाळेतून आलात ते थेट माझा हात धरायला.

"थांब."

"काहून?"

"अजून फळ धरलं न्हाई त्यानं."

"कळ्या तर आल्यात वेलाला."

"वेलानं न्हाई. भुरीनं."

मला वाटलं, ऊन लागलं तुम्हाला. माझा भोपळा मरायला टेकला होता आणि तुम्ही रोगाला फळ येण्याची वाट पाहत होतात. तिथंच न्हाणीपाशी, टोपी न काढता, तुम्ही मला शिकवायला सुरुवात केलीत. पांढरं दिसतं ते नुसते बुरशीचे धागे आणि धाग्यांवरची पूड. ही पूड वाऱ्यानं उडते आणि दुसऱ्या पानावर जाऊन बसते. धागे पानात आत शिरत नाहीत, वरच पसरतात, फक्त बारीक चोच पानाच्या कातडीत खुपसून रस पितात. मेलेल्या पानावर भुरी जगत नाही, म्हणून ती पानाला एकदम मारत नाही, हळूहळू पिते. मी म्हणाले, माझ्या ओळखीची अशी काही माणसं आहेत. तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही तोवर काळ्या ठिपक्यांपर्यंत पोचला होतात.

ते ठिपके! त्या ठिपक्यांनी माझा संसार खाल्ला. मोसम सरत आला, पान म्हातारं झालं, की त्या पांढऱ्या थरात मोहरीपेक्षाही कितीतरी लहान ठिपके येतात, आधी पिवळे, मग तपकिरी, मग काळे. तेच भुरीचं फळ. त्या गोळ्याच्या आत पिशव्या आणि पिशव्यांच्या आत बिया. अशा पिशवीवाल्या बुरश्यांचं म्हणे मोठं खटलं आहे. कुणाची पिशवी उघड्या वाटीत, कुणाची मान असलेल्या कुपीत. भुरीचा गोळा मात्र चहूबाजूंनी बंद. त्याला तोंडच नाही, तो तडकतो तेव्हाच आतलं बाहेर येतं. तोंड नसलेला गोळा ऐकून मला बरं वाटलं. तुमच्या पुसेगावच्या घरी असे दोनचार नेऊन ठेवा, तिथं तोंडं फार झालीत, असं मी म्हणालेही.

आणि मग कुळं लावायची. सागाच्या पानावरच्या गोळ्याला केस असतात, त्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली. शिसवीवरच्या गोळ्याला सुईसारखे केस, बुडाशी फुगीर. केस पाहिले की कुळाचा अर्धा पत्ता लागतो. पण आमच्या भोपळ्यावरच्या भुरीचे केस म्हणजे साधे धागे, त्यांच्यावरून काही कळत नाही. तिथं गोळा फोडायचा आणि आतल्या पिशव्या मोजायच्या. एकच मोठी पिशवी निघाली आणि तिच्यात आठ बिया, तर एक कुळ. बऱ्याच पिशव्या निघाल्या आणि प्रत्येकीत दोनदोन बिया, तर दुसरं. यावरून मोठमोठ्या विद्वानांत वाद आहे, कारण उष्ण मुलखात भोपळ्यावर हे ठिपके धरतच नाहीत म्हटलं तरी चालेल. नुसतं पांढरं येतं आणि जातं. कुळ कळायला फळ पाहिजे, आणि फळ काही धरत नाही.

"पुष्कळ पिशव्या असतील," तुम्ही म्हणालात.

"एकच असेल," मी म्हणाले.

तुम्ही पुष्कळ म्हणालात म्हणून मी एक म्हणाले. त्यामागे शास्त्र नव्हतं. हातात गंधकाची पुरचुंडी होती आणि ती मारता येत नव्हती, एवढंच कारण.

"कशावरून?"

"तुमी कशावरून म्हणता?"

"पुस्तकात हाये."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं आपल्या न्हाणीवरचा वेल पाहिला व्हता काय?"

तुम्ही हसला नाहीत. "बरं, पाहू," म्हणालात आणि गंधकाची पुरचुंडी माझ्या हातून घेऊन फळीवर ठेवलीत. ती आजवर तिथंच होती. त्या वर्षी वेलाला लिंबाएवढे भोपळे आले आणि गळून गेले. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी मी वेल लावणार नाही म्हणाले, तर तुम्ही स्वतः आळं करून बी टोचलंत. मी भाजीसाठी वेल लावते आणि तुम्ही रोगासाठी, हे सगळ्या गल्लीला माहीत झालं. अमीनाबी भिंतीवरून डोकावून म्हणायची, "भाभी, गंधक नेऊन किती दिवस झाले, मारणार कधी? की मास्तरसाब त्याला बी फळ यायची वाट बघून राहिलेत?"

दोष नुसता तुम्हाला देऊन चालणार नाही, कारण त्या दुर्बिणीच्या नळीतून बघायची चटक मलाही तुम्हीच लावलीत. आपली शांता रांगत होती तेव्हाची गोष्ट. तुम्ही पहिल्यांदा दुर्बीण घरी आणलीत, पूर्वेच्या ओट्यावर मांडलीत, खालचा आरसा फिरवून ऊन धरलंत आणि मला चुलीपुढून उठवलंत. मी एक डोळा मिटून बघितलं. आधी काहीच दिसेना, नुसता उजेड. मग तुम्ही बाजूचा खिट्टा फिरवलात आणि एकदम तो उजेड भरून गेला. धाग्यावर उभी राहिलेली मण्यांची माळ. एकावर एक, लांबट, काचेसारखे आरपार मणी. वरचा मणी सुटतो आणि उडतो, खाली नवा तयार होतो, असं तुम्ही कानाशी सांगत होतात. रोज पदरानं झटकून टाकायचे ती पूड ही होती. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. चुलीवरची भाकरी जळून कोळसा झाली आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. मला हे तुमच्याजवळ कधी बोलता आलं नाही, म्हणून आज सांगते. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. माहेरी मला कुणी काही बघायला बोलावलं नव्हतं, नेहमी मीच दाखवली गेले होते.

हं, पण म्हणून पिठाची गोष्ट मी विसरायची असं नाही.

त्या हिवाळ्यात तुम्ही दोन दिवस नुसते उडत होतात. भोपळ्यावर म्हणे वेगळीच भुरी सापडली. मणी लांबट नाहीत, माळेत नाहीत, वाकडेतिकडे, कोनाचे, मोठमोठे. तुम्ही जेवण विसरलात. पेन्सिलीला टोक काढकाढून चित्रं काढलीत. हैदराबादच्या तुमच्या प्रोफेसरांना पान पाठवायचं म्हणून टीपकागदात दाबून ठेवलंत. कुणी न पाहिलेलं कुळ हिंगोलीत, आणि तेही आपल्या न्हाणीवर! मी विचारलं, पान कुठलं? तुम्ही म्हणालात, परवा तूच तर खुडून दिलंस. मग माझ्या लक्षात आलं. परवा मी भाकरी थापत होते. तुम्ही ओट्यावरून ओरडलात, "एक पान दे गं लवकर, ऊन चाललं," आणि मी तशाच भरल्या हातानं उठून पान खुडून दिलं होतं.

तुमच्या नव्या कुळाचं नाव ज्वारीचं पीठ.

मी पिठाची चिमूट आणून दुसऱ्या काचेवर ठेवली. तुम्ही नळीतून पाहिलंत. मी पदर तोंडात कोंबून हसत होते, अमीनाबीला कळलं तेव्हा ती तर खाली बसली. आणि तुम्ही काय म्हणालात? "तुझं बराबर" म्हणालात? "माझं चुकलं" म्हणालात? तुम्ही म्हणालात, "भाकरी थापताना पानाला हात काहून लावलास?"

झालं. चूक माझी.

हे एकदाच घडलं असतं तर सोडून दिलं असतं. पण तुमचं सारं आयुष्य असंच. औंढ्याला नागनाथाला गेलो तर मी गाभाऱ्यातून बाहेर येऊन तासभर पायरीवर बसले आणि तुम्ही मागच्या डोंगरात सागाची पानं उलटीपालटी करत होतात. दर्शन घेतलंत का विचारलं तर म्हणालात, "घेतलं की, आकडे अगदी साफ दिसतात." शांतासाठी स्थळ बघायला म्हणून कळमनुरीला गेलो तेव्हा तर कहरच केलात. व्याही दारात उभे, मंडळी बसलेली, आणि तुम्ही त्यांच्या कुंपणाच्या बोरीपाशी पान उजेडात धरून उभे. मी मनात म्हटलं, मोडलं हे लग्न. बैलगाडीत परतताना मी बोलले, फार बोलले. शांताला सासर चांगलं मिळालं हे खरं, व्याह्यांना वाटलं मास्तर मुलीच्या घरची बोरं कशी आहेत ते पारखून बघतात, माणूस काळजीवाहू दिसतो. पण ते तुमचं नशीब. मी त्या वेळी म्हणाले होते की असं करू नये, आणि ते बरोबरच होतं. तुम्ही म्हणालात, "जमलं न्हवं? मंग?"

मला तुमच्याकडून दागिना नको होता, लुगडं नको होतं. तुम्ही शाळेत पोरांना म्हणायचात ना, उत्तर बरोबर आलं की टेबलावर थाप मारून, "बराबर!" शेजारच्या गल्लीत ऐकू जाई म्हणे. मला तेवढं एकदा पाहिजे होतं. टेबलावर थाप नको, साधं, जेवताना, मीठ मागितल्यासारखं म्हणाला असतात तरी चाललं असतं. तुझं बराबर. मी म्हणायचे, लढाईपायी थेंबावर झाकायच्या विलायती पातळ काचा मिळेनाशा होतील, जपून वापरा. झालंही तसंच. तर तुम्ही कुठूनशा कंदिलाच्या अभ्रकाच्या चकत्या पैदा केल्यात आणि म्हणालात, "हे त्याहून बेस." मी म्हणायचे, पहाटे दवात वेलापाशी उकिडवे बसू नका, छातीत गारठा भरेल. तर तुम्ही म्हणायचात, थंडी पडली तरच फळ धरतं, यंदा थंडी चांगली आहे.

छातीत गारठा भरला. याही बाबतीत मीच खरी ठरले, पण हे मला नको होतं.

तापात तुम्ही नऊ गोष्टी बरळलात आणि त्यातल्या आठ भुरीच्या होत्या. शेवटच्या दुपारी शुद्धीवर आलात. शांता पायाशी होती, तुमचे भाऊ गणपतभाऊजी पुसेगावहून आले होते. सगळे वाकून उभे राहिले, आता काही सांगतील म्हणून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी कान जवळ नेला. "ठिपके आले का?" मी म्हणाले, "न्हाई." तुम्ही डोळे मिटलेत, पुन्हा उघडलेत आणि म्हणालात, "खालची पानं बघ."

खालची पानं बघ. इतक्या वर्षांच्या संसाराचा शेवटचा शब्द. बाहेर येऊन भाऊजींनी विचारलं, "दादा काय म्हणले?" मी सांगितलं, शांताला जपा म्हणाले. मग काय सांगणार होते?

आता सुतकाच्या दिवसांत काय झालं ते ऐका. घर माणसांनी भरलं, सगळ्यांच्या आंघोळी आपल्या न्हाणीत, त्यामुळे त्या वेलाला असं पाणी मिळालं की मेला तरारून उठला. मी मधल्या घरात कोपऱ्यात बसलेली, मागच्या दारातून समोर तोच. नवव्या दिवशी भाऊजी धोतर खोचून आले आणि म्हणाले, "वैनी, हा रोगट वेल काढून टाकतो. तेराव्याच्या सैपाकाला चुलवण खणायला जागा लागती. सगळा पांढरा झालाय, लोकं काय म्हणतील?"

हेच मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आले होते. शब्दाला शब्द. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "थांबा भाऊजी. हात लावू नका. अजून फळ धरलं न्हाई त्यानं."

भाऊजींनी पांढऱ्या पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग शांताला बाजूला घेऊन म्हणाले, "आईपाशी बसून ऱ्हा लेकरा, तिला एकटी सोडू नगं." वहिनींचं डोकं दुःखानं फिरलं, असं संध्याकाळपर्यंत घरभर झालं. भाऊजींनी वेल उपटायचा बेत मात्र सोडला नव्हता. दहावा उरकला की उपटू, असं ते गड्याशी बोलताना मी ऐकलं.

दहाव्याला पुरुष मंडळी कयाधू नदीवर गेली. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. हे मी पाहिलं नाही, बायका जात नाहीत. ऊन वर आल्यावर भाऊजी ओल्या धोतरानं परत आले ते अंगणातच बसले आणि मला दारातून हाका मारून सांगायला लागले.

"वैनी, कावळे झाडावर, पर एक बी खाली उतरंना. मी म्हणलं, दादा, शांताचं म्हायेर तुटू देणार न्हाई. न्हाई उतरला. म्हणलं, वैनीला अंतर देणार न्हाई, माझ्या घरी मानानं ठेवीन. तरी न्हाई. म्हणलं, शाळंची दुर्बीण बराबर पोचती करतो. एक जरा हलला, पुन्यांदा बसला. लोकं कटाळली, लेकरं रडाया लागली. मंग माझं बी डोस्कं फिरलं. म्हणलं, आरं न्हाई उपटत तुझा तो वेल, घे! तर बसल्या जागून उतरला की वो!"

अंगणातली माणसं डोळे पुसता पुसता हसली. शांताही हसली. मी हसले नाही. मला असा राग आला तुमचा, तुम्ही जिवंत असतात तर त्या दिवशी मी तुम्हाला जेवायला वाढलं नसतं. माझं नाव घेतलं तेव्हा कावळा जागचा हलला नाही. माझ्यापेक्षा दुर्बिणीच्या नावानं जास्त हलला. तुमचा जीव अडकला कुठे, तर माझ्या भोपळ्याच्या रोगात. कावळ्याला भूक लागली तेव्हा तो उतरला, त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाला असतात. माहीत आहे मला. तरी राग आला. हातातल्या बांगड्या गेल्या त्या दिवशी जेवढं रडले नव्हते तेवढी त्या दुपारी रडले, आणि लोकांना वाटलं ते दुःखानं. निम्मं चिडीनं होतं.

भाऊजींनी शब्द पाळला. चुलवण गोठ्याकडे खणलं. तेराव्याच्या भाजीला भोपळा मात्र बाजारातून आणावा लागला, हेही ऐकून ठेवा.

आज सकाळी मी वेलापाशी गेले. तुमच्यासाठी नाही. न्हाणीचं पाणी तुंबलं होतं म्हणून गेले. वाकलेच होते, तर खालची पानं पाहिली. मातीला टेकलेलं एक जुनं पान, कडा वाळलेल्या. उलटं केलं. पांढऱ्या थरात मला बारीक बारीक पिवळं दिसलं, त्याच्या शेजारी तपकिरी, आणि शिरेच्या कडेनं काळं. सुईच्या टोकानं टोचल्यासारखं. मी खाली चिखलातच बसले.

शांता आत भाकरी थापत होती, तिला हाक मारली नाही. हात धुतले. पुन्हा धुतले. दुर्बीण पूर्वेच्या ओट्यावर मांडली, आरसा फिरवला, ऊन धरलं. काचेवर पाण्याचा थेंब, त्यात सुईनं काढलेले काळे कण, वर तुमच्या अभ्रकाची चकती. बघितलं. गोल, तपकिरी, भिंत विटा रचल्यासारखी, भोवती साधे धागे. तोंड नाही. तुम्ही सांगितलं होतंत तसा. मग सुईची पाठ अभ्रकावर ठेवून हलकेच दाबलं. गोळा तडकला आणि आतून एक पिशवी बाहेर आली. हळूच, पूर्ण, फुगलेली. आत बिया दाटून बसलेल्या. मोजल्या, आठ. मी वाट पाहिली. तिच्यामागून दुसरी आली नाही.

एक.

आणि लगेच तुमचा आवाज आला. एका गोळ्यावरून काय ठरतं? खरं आहे, मी दुसरा फोडला. एक. दुसऱ्या पानावरचा घे. घेतला. एक. जोरानं दाबलंस, बाकीच्या फुटून गेल्या असतील. मग अगदी हलक्या हातानं दाबला, श्वास धरून. एक. हाताला पीठ तर न्हाई तुझ्या? नाही हो नाही, भाकरी आज शांता थापतेय! हे मी मोठ्यानं म्हणाले, तशी शांता पिठाच्याच हातानं दारात येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, तिथंच थांब, जवळ येऊ नकोस.

मग तो शिपाई आला, त्याला मी उद्यावर टाकलं. उद्या दुर्बीण जाईल. काच मी तिच्याखाली तशीच ठेवली आहे, हेडमास्तरांना वाटलं तर त्यांनी बघावं. दुपारी फळीवरून गंधक काढलं आणि साऱ्या वेलावर मारलं. तुमच्या भावानं वेल उपटणार नाही असं कबूल केलं होतं, गंधकाचं काही बोलणं झालेलं नव्हतं. अमीनाबी भिंतीवरून बघत होती. नेहमीसारखं बोलायला तिनं तोंड उघडलं आणि पदर डोळ्याला लावला.

आता दिवेलागण झाली आहे आणि मी ओट्यावर बसून हे लिहिते आहे. तुमचे सगळे आक्षेप संपले आहेत. ते एकूण एक मला तुमच्या आवाजात ऐकू आले, मधल्या खोकल्यासकट. तुम्ही काय म्हणाल, कुठे अडवाल, कुठे विषय बदलाल, सगळं मला पाठ आहे, तुमच्या बाजूनंही मीच भांडू शकते. म्हणून म्हटलं, आता शेवटचं तेवढं ऐकून घ्यावं आणि उठावं. दोनच शब्द. तुझं बराबर. मघापासून कान लावून बसले आहे. पण ते काही तुमच्या आवाजात येईना. कसे म्हणाला असतात? माझ्याकडे बघून की नळीतच डोळा ठेवून? हसून की चिडून? कितीही आठवलं तरी आठवत नाही, कारण ते तुम्ही मला कधी म्हणालाच नाहीत.